९४, ९४०, २३५०: दोन गिगाबिटचे इंटरनेट घरात नेमके कुठे अडकते?

घोडबंदर रस्त्यावरच्या आमच्या सोसायटीत लिफ्टशेजारच्या फलकावर हल्ली पाणीकपातीच्या सूचनांपेक्षा फायबर-इंटरनेटची पत्रकेच जास्त दिसतात आणि त्यांवरचे आकडे दर काही महिन्यांनी फुगत जातात. असेच एक पत्रक वाचून एकविसाव्या मजल्यावरच्या काकांनी दोन गिगाबिटची जोडणी घेतली. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला वर बोलावले आणि अभ्यासाच्या खोलीतला लॅपटॉप माझ्याकडे वळवला. स्पीड-टेस्टचा काटा ९३.८ वर थांबला होता. पैसे भरले होते दोन हजार मेगाबिटचे आणि हाती पडत होते शंभराच्याही आत. कंपनीचा तंत्रज्ञ सकाळीच येऊन "सर, आमच्याकडून फुल येतंय, तुमच्या घरातल्या वायरिंगचा प्रॉब्लेम आहे" असे सांगून गेला होता. काकांना ही सरळसरळ टोलवाटोलवी वाटली.

मलाही तसेच वाटले असते, पण आकडा ९३.८ होता. तो ४१७ किंवा ६६० असता, तर दहा ठिकाणी शोधावे लागले असते. ९४ च्या आसपास येऊन हटून बसलेला आकडा मात्र चोराने मागे सोडलेल्या बोटाच्या ठशासारखा असतो. घरच्या नेटवर्कमध्ये असे तीन ठसे पुन्हा पुन्हा सापडतात: ९४, ९४० आणि २३५०. त्यांचा अर्थ एकदा समजला की वेग कोणत्या जागी अडला आहे हे बऱ्याचदा खुर्चीत बसूनच सांगता येते आणि महागडा राउटर विकत घेण्याच्या आधी सांगता येते.

आधी मोजमाप, मग मिठाईचा डबा

इंटरनेटचा वेग बिटमध्ये सांगतात आणि फाइलचा आकार बाइटमध्ये. आठ बिटांचा एक बाइट होतो. एक गिगाबिट म्हणजे एक हजार मेगाबिट, त्यामुळे एक गिगाबिटची जोडणी सेकंदाला जास्तीत जास्त १२५ मेगाबाइट आणू शकते आणि दोन गिगाबिटची २५०. डाउनलोडच्या खिडकीत ११२ हा आकडा पाहून "हजारातले एवढेच?" असे विचारणारे अनेक जण भेटतात, बहुतेक वेळा त्यांना पूर्ण वेग मिळतच असतो, फक्त माप बदललेले असते. एक गिगाबिटच्या पुढच्या जोडणीला मल्टिगिगाबिट म्हणतात. जाता जाता: आपल्या देशात कागदोपत्री 'ब्रॉडबँड' म्हणवून घेण्यासाठी लागणारा किमान वेग २०२३ मध्ये ५१२ किलोबिटवरून वाढवून दोन मेगाबिट करण्यात आला. काकांच्या पत्रकावरचा आकडा त्याच्या हजारपट आहे.

आता ९४ आणि ९४० हे विचित्र आकडे कुठून येतात ते पाहू. काही दुकानदार पेढे तोलताना पुठ्ठ्याचा डबाही त्याच वजनात धरतात, हा आपल्या सगळ्यांचा जुना सल आहे. नेटवर्कवरही नेमके तेच होते. माहिती सलग वाहत नाही, ती लहान पुड्यांमधून जाते. या पुडीला पॅकेट म्हणतात. प्रत्येक पुडीवर पाठवणाऱ्याचा पत्ता, घेणाऱ्याचा पत्ता आणि अनुक्रमांक लिहावा लागतो, शिवाय दोन पुड्यांमध्ये थोडी मोकळी जागा सोडावी लागते. तारेवरची १५३८ बाइटांची जागा खर्च होते, तेव्हा आपल्या पदरात १४४८ ते १४६० बाइटांचे पेढे पडतात. उरलेला सगळा पुठ्ठा. म्हणून शंभर मेगाबिटच्या जोडणीवर स्पीड-टेस्ट ९४ च्या आसपास थांबते, हजाराच्या जोडणीवर ९४० च्या आणि अडीच हजाराच्या जोडणीवर २३५० च्या. मिठाईवाल्याशी निदान भांडता येते. इथे डब्याशिवाय पेढा पोहोचतच नाही.

अधलेमधले आकडे का येत नाहीत?

तारेने जोडलेली दोन यंत्रे जोडणीच्या क्षणी आपापसात बोलतात आणि दोघांनाही झेपेल असा सर्वांत मोठा वेग ठरवून घेतात. पण हा वेग मनास येईल तो ठरवता येत नाही, त्याच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत: १००, १०००, २५००, ५००० आणि १०,००० मेगाबिट. हजाराची पायरी जमली नाही तर ८०० वर तडजोड होत नाही, थेट शंभरावर घसरण होते. काकांचा ९३.८ हा आकडा म्हणूनच इतका बोलका होता. फायबरपासून लॅपटॉपपर्यंतच्या साखळीत कुठेतरी एक कडी शंभरावर घसरली होती आणि ती तारेची कडी होती, कारण वाय-फाय असे नेमक्या पायरीवर थांबत नाही.

साखळीचा नियम ठाणेकरांना शिकवण्याची गरज नाही. पूर्व द्रुतगती महामार्ग आठ पदरी होता आणि कोपरीचा रेल्वेपूल चार पदरी, तेव्हा मुलुंडपासून गाडी कितीही सुसाट आली तरी आपला वेग कोपरी ठरवत असे. पुलाचे रुंदीकरण २०२३ मध्ये पूर्ण झाले. पण एक जागा रुंद केली की कोंडी नाहीशी होत नाही, ती पुढच्या अरुंद जागी जाऊन बसते, हेही आपण रोज पाहतो. घरच्या नेटवर्कमध्ये हेच घडते आणि लोकांचे पैसे वाया जातात ते इथेच: एक कडी महागातली घेतात, आकडा तिळमात्र हलत नाही, कारण कोपरी दुसरीकडेच असते.

दारापर्यंत काय येते?

खाडीपलीकडे ऐरोली, रबाळे, महापे या पट्ट्यात मोठमोठी डेटा सेंटर उभी आहेत. आपण पाहतो त्यातला बराचसा मजकूर अशाच जवळच्या इमारतींमधून येतो. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो, म्हणजे वीस किलोमीटरचे अंतर तो एका मिलिसेकंदाच्या दहाव्या हिश्श्यात कापतो. खाडी ओलांडून एकविसाव्या मजल्यावर येणाऱ्या मालाला दिवाणखान्यातून अभ्यासाच्या खोलीत जाता येत नाही, यातली गंमत काकांना त्या दिवशी फारशी रुचली नाही.

इमारतीच्या डक्टमधून वर येणारी काचेची तार सहसा एकट्या आपली नसते. जी-पॉन या प्रचलित पद्धतीत केंद्रातून निघालेली एक तार स्प्लिटरने, म्हणजे प्रकाश वाटणाऱ्या एका छोट्या डबीने, ३२ किंवा ६४ घरांत विभागली जाते. त्या सगळ्या घरांना मिळून खाली येणारा वेग साधारण अडीच गिगाबिट असतो आणि वर जाणारा सव्वा गिगाबिट. अशा तारेवर दोन गिगाबिटचा प्लॅन विकणे अशक्य नाही, पण रविवारी रात्री त्याच तारेवरचे दोन-तीन शेजारी एकदम मोठे डाउनलोड करायला बसले की पत्रकावरचा आकडा पत्रकावरच राहतो. २०१६ मध्ये प्रमाणित झालेल्या एक्सजीएस-पॉन या नव्या पद्धतीत सगळ्या घरांना मिळून वाटायला दोन्ही दिशांना प्रत्येकी दहा गिगाबिट असतात. ती वेगळ्या रंगाचा, म्हणजे वेगळ्या तरंगलांबीचा प्रकाश वापरते. त्यामुळे जुन्या पद्धतीबरोबर त्याच तारेवर नांदू शकते आणि कंपनीला डक्टमधली तार न बदलता फक्त दोन्ही टोकांची यंत्रे बदलावी लागतात. दोन गिगाबिट किंवा त्यापुढचा प्लॅन घेण्याआधी कंपनीला विचारण्याचा सगळ्यात उपयोगी प्रश्न हाच आहे: लाइन जी-पॉन आहे की एक्सजीएस-पॉन?

तंत्रज्ञ तारेच्या टोकाला हातातला मीटर लावून "पॉवर मायनस बावीस आहे, ओके आहे" म्हणतात, त्याने मात्र वेग कळत नाही. तो प्रकाशाच्या तीव्रतेचा आकडा आहे. जी-पॉनच्या नेहमीच्या यंत्रांना उणे २७ पर्यंतचा मंद प्रकाश वाचता येतो. त्याच्या खाली गेले की जोडणी तुटू लागते, पण उणे १८ आणि उणे २४ यांच्यात आपल्याला जाणवणारा फरक काहीच नसतो.

डब्यामागची भोके

फायबरमधल्या प्रकाशाचे विजेच्या संकेतांत रूपांतर करणाऱ्या डब्याला ओएनटी म्हणतात. घरोघरी त्याचे नाव 'मोडेम'च आहे. बऱ्याच ठिकाणी राउटरही त्याच डब्यात असतो. या डब्याच्या मागच्या बाजूला वायर खोचायच्या चार जागा असतात आणि आपण त्या सगळ्या सारख्याच आहेत असे धरून चालतो. काकांच्या डब्यात तीन पोर्ट एक गिगाबिटचे होते आणि एकच अडीच गिगाबिटचा, ज्याच्या बाजूला बारीक अक्षरात '२.५जी' असे कोरलेले होते. वायर अर्थातच दुसऱ्या पोर्टात होती.

ज्यांच्या डब्याचे सगळेच पोर्ट एक गिगाबिटचे आहेत, त्यांनी वेगळा राउटर कितीही भारी आणला तरी काही होणार नाही. दार हजाराचे आहे, आतले दालन कितीही मोठे असो. अशा वेळी कंपनीकडे डबा बदलून मागणे हा एकच उपाय उरतो आणि प्लॅन मल्टिगिगाबिटचा विकला असेल तर ती मागणी हक्काची आहे. उलट बाजूही सांगायला हवी: तीन पोर्ट एक गिगाबिटचे असले तरी तीन यंत्रे एकाच वेळी मिळून दोन गिगाबिट वापरू शकतात. कोणत्याही एका यंत्राला ९४० च्या पुढे जाता येत नाही, एवढेच.

राउटरच्या खोक्यावर तर ३००० लिहिले आहे!

हो, पण ती बेरीज आहे. 'एएक्स ३०००' असे लिहिलेला राउटर २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर, म्हणजे रेडिओ लहरींच्या एका बँडवर, ५७४ मेगाबिट आणि ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर २४०२ मेगाबिट असा जास्तीत जास्त वेग सांगतो. दोन्ही मिळवले की २९७६ होतात आणि खोक्यावर ते ३००० होऊन बसतात. तुमचा फोन एका वेळी सहसा एकाच पट्ट्यावर असतो; स्वयंपाकघर आणि न्हाणीघर अशा दोन नळांचे पाणी मिळवून एका बादलीचा हिशेब करावा, तसा हा हिशेब आहे. त्यातही या वर्गातल्या अनेक राउटरांचे मागचे सगळे पोर्ट एक गिगाबिटचेच असतात, म्हणजे २४०२ च्या वाय-फायला आतून पुरवठा ९४० चा. खोक्याचा दर्शनी भाग सोडून मागच्या बाजूची बारीक अक्षरे वाचावीत आणि 'वॅन' (बाहेरून येणाऱ्या जोडणीचा) व 'लॅन' (घरातल्या यंत्रांचा) असे दोन्ही पोर्ट किती गिगाबिटचे आहेत ते पाहावे. अडीच गिगाबिटचा एकच पोर्ट असेल तर फायबरचा डबा तो अडवून बसतो आणि घरातल्या तारांना पुन्हा हजाराचेच पोर्ट उरतात.

राउटरच्या आत आणखी एक नाका आहे. घरातल्या सगळ्या यंत्रांचा बाहेरच्या जगाला दिसणारा पत्ता सहसा एकच असतो, म्हणून राउटर प्रत्येक पुडीवरचा पत्ता बदलतो आणि कोणती पुडी कोणाची याची नोंद ठेवतो. या कामाला नॅट म्हणतात. एक गिगाबिटला सेकंदाला सुमारे ८१ हजार पुड्या हाताळाव्या लागतात, अडीच गिगाबिटला दोन लाखांहून जास्त. चांगले राउटर हे काम मुख्य प्रोसेसरकडे न नेता त्यासाठीच बनवलेल्या चिपकडून करून घेतात: फास्टॅगची मार्गिका म्हणा, गाडी न थांबताच नोंद होते. पण तुम्ही मुलांच्या वापरावर नजर ठेवणारे, कोणते ॲप किती डेटा खाते ते मोजणारे किंवा एखाद्या यंत्राला प्राधान्य देणारे पर्याय चालू केले, की अनेक राउटरांना प्रत्येक गाडी बाजूला घेऊन डिकी उघडून पाहावी लागते. दीड-दोन हजारांचा वेग मग काही शेकड्यांवर येतो. असाच फरक कधी कधी पीपीपीओई पद्धतीच्या जोडणीने पडतो, जिथे राउटरमध्ये कंपनीने दिलेले नाव आणि पासवर्ड भरावे लागतात. स्वस्त राउटरच्या चिपला ती जादा घडी उलगडता येत नाही आणि सगळे ओझे प्रोसेसरवर पडते. वेग कमी वाटला तर हे पर्याय तात्पुरते बंद करून पुन्हा मोजावे. खर्च शून्य आहे.

भिंतीतली वायर

काकांच्या घरी खरा गुन्हेगार इथे सापडला. बिल्डरने दिवाणखान्यातून अभ्यासाच्या खोलीपर्यंत कन्सिल्ड पाइपातून नेटवर्कची वायर टाकून दिली होती आणि तिच्यावर स्वच्छ 'कॅट ५ई' छापलेले होते, हा अशा वायरीचा एक दर्जा. या वायरीत आठ तारा असतात, दोन-दोनच्या चार जोड्या पिळलेल्या. शंभर मेगाबिटसाठी नारिंगी आणि हिरवी अशा दोनच जोड्या पुरतात. हजार किंवा त्याहून जास्त वेगासाठी चारही लागतात. अभ्यासाच्या खोलीतल्या भिंतीवरची पांढरी प्लेट दोन स्क्रू काढून पुढे ओढली, तेव्हा नारिंगी आणि हिरव्या तारा जॅकमध्ये बसवलेल्या दिसल्या, तपकिरी जोडी मागे दुमडून टेपने गुंडाळलेली होती आणि निळी जोडी शेजारच्या इंटरकॉमच्या पेटीत गेली होती. इमारत उभी राहताना कोण्या वायरमनने एक वायर वाचवली होती. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. त्या काळी घरोघरी वीस-तीस मेगाबिटची जोडणी असे आणि दोन जोड्यांत सगळे सुरळीत चालत होते.

आम्ही दोन्ही टोकांचे जॅक आठही तारा घेऊन नव्याने बसवले. आकडा एका क्षणात ९४ वरून ९४१ वर गेला. कोपरी रुंद झाली होती, कोंडी पुढच्या नाक्यावर.

इथे बहुतेक लोक भिंत फोडून नवी वायर टाकायच्या गोष्टी करू लागतात. थांबा. एक गिगाबिटचे तारेचे मानक १९९९ चे आहे. त्यानंतर २००६ मध्ये दहा गिगाबिटचे मानक आले, पण त्याला पूर्ण १०० मीटरसाठी कॅट ६ए ही जाड वायर लागते आणि जगभरच्या कार्यालयांच्या भिंतींत तोवर कॅट ५ई आणि कॅट ६ भरून ठेवलेली होती. ती उपटून काढणे कोणालाच परवडणारे नव्हते. म्हणून २०१६ मध्ये अडीच आणि पाच गिगाबिटच्या मधल्या पायऱ्या मुद्दाम बनवण्यात आल्या, त्या असलेल्या वायरीवरून चालाव्यात हाच हेतू होता. अडीच गिगाबिट साध्या कॅट ५ई वर १०० मीटरपर्यंत चालते. ठाण्यातल्या तीन बेडरूमच्या घरात एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वायर वळणे घेत गेली तरी तीस मीटरच्या पुढे क्वचितच जाते. कॅट ६ वर तर दहा गिगाबिटही ५५ मीटरपर्यंत जाऊ शकते. भिंतीतली वायर शाबूत आणि खरी असेल तर तिला हात लावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

अट 'खरी' या शब्दात आहे. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमच्या वायरी सर्रास मिळतात, स्वस्त आणि हाताला हलक्या. त्यांवर 'कॅट ६' छापलेलेही असते. आतली एक तार घेऊन ब्लेडने हलकेच खरवडावी: खाली चंदेरी रंग दिसला तर ते ॲल्युमिनियम आहे, खरे तांबे आरपार तांबूसच राहते. अशी वायर जास्त अवरोध करते, वाकवली की तुटते आणि जॅकमध्ये सैल पडते. 'कॅट ८' असे मिरवणाऱ्या चपट्या, रंगीत वायरींच्याही नादी लागू नये. घरच्या कोणत्याही वेगासाठी त्यांची गरज पडत नाही.

मग वाय-फाय ७ घेतले की प्रश्नच मिटला?

७ ही वाय-फायची नवी पिढी, तरी उत्तर नाही असेच आहे आणि याचे कारण सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत बसलेल्या प्रत्येकाला कळेल. सभेत माईक एकच असतो. एका वाहिनीवर, म्हणजे पट्ट्याच्या एका तुकड्यावर, एका वेळी एकानेच बोलायचे, बाकीच्यांनी गप्प बसायचे आणि दोघे एकदम बोलले तर दोघांनीही थांबून पुन्हा सुरुवात करायची: वाय-फायचा मूळ नियम हाच आहे. तारेत येणारी आणि जाणारी वाहतूक एकाच वेळी पूर्ण वेगाने चालते, हवेत ती आलटून पालटून चालते. शेजारच्या घराचा राउटर त्याच वाहिनीवर असेल तर माईक त्यांच्याशीही वाटून घ्यावा लागतो. म्हणून वाय-फायवर फोनमध्ये दिसणारा जोडणीचा आकडा आणि प्रत्यक्ष मिळणारा वेग यांत मोठी तफावत असते. राउटर समोर असताना साठ-पासष्ट टक्के मिळाले तर ते उत्तम समजावे.

आता हिशेब पाहा. बहुतेक फोन आणि लॅपटॉपांना वाय-फायचे दोन अँटेना असतात. ८० मेगाहर्ट्झ रुंदीच्या वाहिनीवर अशा यंत्राला वाय-फाय ५ जास्तीत जास्त ८६७ मेगाबिटची जोडणी देते आणि वाय-फाय ६ देते १२०१ ची. प्रत्यक्षात हाती येतात पाचशे ते आठशे. वाहिनीची रुंदी दुप्पट, म्हणजे १६० केली तर वाय-फाय ६ ची जोडणी २४०२ वर जाते, पण दोन अडचणी उभ्या राहतात. एक, अनेक फोनांना ५ गिगाहर्ट्झवर १६० ची वाहिनी वापरताच येत नाही. दुसरी अशी की एवढी रुंद वाहिनी रडारसाठी राखलेल्या भागात शिरते. राउटरला तिथे बोलण्याआधी निदान एक मिनिट कान देऊन ऐकावे लागते आणि रडारसारखा संकेत दिसला तर जागा सोडून अर्धा तास तिकडे फिरकायचे नाही. हवामानाची अनेक रडार याच शेजारच्या, सी-बँड नावाच्या लहरींच्या पट्ट्यावर चालतात. आपल्या परिसरातले, मुंबईतल्या वेरावलीचे रडारही सी-बँडचे आहे. वाय-फाय मधूनच तुटून पुन्हा लागत असेल तर रुंदी १६० वरून ८० वर आणून पाहावी, वेग थोडा उतरेल पण टिकेल.

वाय-फाय ७ चा दिमाख मुख्यतः ६ गिगाहर्ट्झच्या नव्या पट्ट्यावर आणि तिथल्या ३२० मेगाहर्ट्झच्या वाहिनीवर आहे. दोन अँटेनांच्या यंत्राला तिथे साडेपाच हजारांहून मोठी जोडणी मिळू शकते. आपल्याकडे दूरसंचार विभागाने या पट्ट्याचा ५९२५ ते ६४२५ मेगाहर्ट्झ हा खालचा भाग घरातल्या कमी शक्तीच्या वापरासाठी परवानामुक्त करणारे मसुदा नियम मे २०२५ मध्ये प्रसिद्ध केले. या ५०० मेगाहर्ट्झमध्ये ३२० ची एकच वाहिनी बसते. शिवाय दुकानात वाय-फाय ७ चे असे राउटरही असतात ज्यांत ६ गिगाहर्ट्झ अजिबात नसते. घेण्यापूर्वी हे विचारून घ्यावे.

आणि भिंती. घोडबंदर रस्ता, कोलशेत, माजिवडा किंवा नवी मुंबईत खारघर-उलवेकडच्या कित्येक नव्या इमारती मायवान पद्धतीने, म्हणजे ॲल्युमिनियमच्या साच्यात सगळ्या भिंती काँक्रीटने ओतून बांधलेल्या आहेत. विटेच्या भिंतीतून ५ गिगाहर्ट्झचा संकेत कण्हत-कुथत का होईना पार होतो, सळ्या घातलेल्या काँक्रीटच्या दोन भिंती त्याला जवळपास संपवून टाकतात. ६ गिगाहर्ट्झची अवस्था त्याहून वाईट. त्यात आपण राउटर ठेवतो तो मुख्य दारामागे, चपलांच्या कपाटावर, कारण फायबर तिथून आत येते. पातळ फायबर भिंतीच्या कडेने घराच्या मध्यापर्यंत नेता येते, त्याला फक्त टोकदार बाक द्यायचा नाही. हजारो रुपयांचा राउटर बदलण्यापेक्षा जुन्या राउटरची जागा बदलल्याने जास्त फरक पडलेला मी अनेकदा पाहिला आहे.

घरभर वाय-फाय पसरवायला मेश म्हणून विकली जाणारी दोन-तीन डब्यांची जोडीही तारेशिवाय लावली तर निरोप्यासारखी वागते: आधी ऐकायचे, मग तेच पुन्हा सांगायचे. दोन्ही कामे एकाच वाहिनीवर झाली तर वेग साधारण निम्मा होतो. हेच डबे भिंतीतल्या वायरीने एकमेकांना जोडले, तर प्रत्येक खोलीत जणू स्वतंत्र माईक येतो. वाय-फाय चांगले हवे असेल तर आधी तार नीट करा, हे ऐकायला उलटे वाटते, पण खरे आहे.

शेवटचा नाका आपल्या मांडीवर असतो

काकांची वायर आम्ही '२.५जी' च्या पोर्टात लावली, तरी आकडा ९४१ वरच राहिला, कारण लॅपटॉपचा स्वतःचा पोर्ट एक गिगाबिटचा होता. अडीच गिगाबिटचा यूएसबी अडॅप्टर मागवला. तो लावला आणि आकडा ३१५ वर कोसळला! काका उखडले. अडॅप्टर लॅपटॉपच्या डाव्या बाजूच्या काळ्या यूएसबी-२ पोर्टात लावला होता, ज्याची कमाल मर्यादा ४८० मेगाबिट आणि प्रत्यक्ष वेग तीनशे-साडेतीनशे. उजवीकडच्या निळ्या यूएसबी-३ पोर्टात तो लावला, तेव्हा काटा १९४० च्या वर जाऊन स्थिर झाला.

मोजण्याच्या पद्धतीतही खोट असू शकते. एवढ्या वेगाला ब्राउझरमधली चाचणी जुन्या लॅपटॉपच्या प्रोसेसरला दमवते, त्यापेक्षा तिचे स्वतंत्र ॲप बरे. समोरचा सर्व्हरही तितक्या क्षमतेचा हवा. एखादी वेबसाइट सेकंदाला २० मेगाबाइटच देत असेल तर आपल्या घरातले काहीही बदलून ती जास्त देणार नाही. साध्या हार्ड डिस्कवर सेकंदाला दीडशे मेगाबाइटच्या आसपास लिहिता येते, म्हणजे दोन गिगाबिटच्या पूर्ण वेगाने येणारी मोठी फाइल साठवायला तीही कमी पडते, एसएसडी लागते. आणि बऱ्याच स्मार्ट टीव्हींचा वायरचा पोर्ट शंभर मेगाबिटचाच असतो, त्यामुळे टीव्हीवरच्या चाचणीत ९४ दिसले तर वायरमनला बोलावू नये.

दोष घराचा की कंपनीचा, हे ठरवायचे असेल तर राउटर, मेश, भिंतीतली वायर सगळे वगळून अडीच गिगाबिटचा लॅपटॉप एका छोट्या, चांगल्या वायरीने थेट डब्याला जोडावा आणि पहाटे एकदा व रात्री दहाला एकदा मोजावे. दोन्ही वेळा पूर्ण वेग आला तर अडचण आपल्या घरात आहे. पहाटे पूर्ण आणि रात्री निम्मा आला तर तार शेजाऱ्यांत वाटली जाते आहे. दोन्ही वेळा ९४० वर अडला तर डब्याचा पोर्ट पाहावा. ही नोंद हाती असली की तंत्रज्ञाशी होणारे बोलणे फार लवकर आटोपते.

एवढा वेग लागतो कोणाला?

प्रामाणिक उत्तर असे की बहुतेक घरांना नाही. नेटफ्लिक्स ४के चित्रासाठी १५ मेगाबिटची जोडणी पुरेशी मानते. घरातल्या प्रत्येक खोलीत एकेक असा चित्रपट लावला तरी शंभराचा टप्पा जेमतेम गाठला जाईल. व्हिडिओ कॉल अडखळतो तो सहसा वेग कमी म्हणून नव्हे, तर वाय-फाय अस्थिर म्हणून. स्वित्झर्लंडमध्ये इनिट७ या कंपनीने २०२१ मध्येच घरोघरी २५ गिगाबिट द्यायला सुरुवात केली. तिथेही वेब-पान उघडायला लागणारा वेळ त्यामुळे पंचवीस पटींनी घटत नाही.

फरक पडतो तो मोठ्या फाइलींना. शंभर गिगाबाइटचे चित्रीकरण ३०० मेगाबिटवर आणायला पाऊण तास लागतो, ९४० वर चौदा मिनिटे आणि २३५० वर सहा मिनिटांच्या आत. काकांची सून लग्नसमारंभांचे व्हिडिओ संपादित करते आणि तिला आठवड्यातून तीन-चार वेळा असा माल आणावा-पाठवावा लागतो, म्हणून तिच्या टेबलापुरते दोन गिगाबिट सार्थकी लागतात. त्यातही कंपनीने वर जाणारा वेग किती दिला आहे ते वेगळे तपासायला हवे, कारण पत्रकावर बहुतेकदा खाली येणारा वेगच ठळक छापलेला असतो. बाकीच्या घरात अजूनही जुन्याच वाय-फायवर पाचशे-सहाशे येतात आणि तिथे कोणाची तक्रार नाही.

इंटरकॉमला मात्र नवी तार अजून मिळालेली नाही. कोणी पाहुणा आला की खालचा वॉचमन काकांना मोबाइलवर फोन करतो.